डॉक्टरीणबाई आणि बंद पडलेली कार्डं

“फोन कर म्हणतोय, फोन! डोंगर उचल म्हणत नाहीये.”

“नाही करणार.”

“दिवसभर ऑफिसात बसून परक्यांना करतेस. साखरेत घोळून बोलतेस. सख्ख्या भावाचं काम आलं की जीभ टाळूला चिकटते?”

“आजवर कोण करत होतं मग? शेजारीण?”

“तेच म्हणतोय! आजवर केलेस, मग आजच कुठे माशी शिंकली?”

“दादा, नाही म्हणजे नाही.”

“कारण सांग.”

“कारण आहे.”

“मग उबवत काय बसलीस त्याच्यावर? बोल की!”

आतल्या खोलीत इस्त्री करणारी वहिनी तिथूनच ओरडली, “अहो, हळू! खालच्यांना वाटेल क्लास सुरू झाला.”

खिडकीजवळच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घट्ट धरून, बस चुकेल की काय अशा बेताने बहीण बसली होती. दादा समोर कटिंगच्या टेबलाला टेकून उभा. टेबलावर, जुन्या टोप्यांच्या स्टँडला बांधलेला, खाली मान घातलेला कॅमेरा. भिंतीलगतच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेल्या कागदी बाह्या. पूर्ण बाही, अर्धी बाही, चुण्यांची बाही, पुन्हा अर्धी बाही. धड एकाही कपड्याचं नाही. नवख्या माणसाला वाटावं, इथे नुसते हात असलेल्या लोकांचे कपडे शिवतात.

दादाला थोड्या वेळात चष्मेवाल्यांकडे जायचं होतं. आपल्या ऑनलाइन शिवणक्लाससाठी चष्म्याच्या दुकानावरची मोठी खोली त्याने बघून ठेवली होती. लांबलचक टेबल बसेल, दोन कॅमेरे लागतील, जवळपासची मुलं प्रत्यक्ष येऊनही शिकतील. शिवणाचं दुकान बंद करताना मशीनं विकून जे काही हाती आलं होतं, ते सगळं तो त्या खोलीत घालणार होता. आज होकार द्यायचा होता. आणि होकार द्यायला त्याला फक्त एवढंच हवं होतं की, या महिन्यात क्लासमधल्या ज्या पस्तीस-चाळीस जणांचं पेमेंट अडकलं होतं, ते बहिणीने नेहमीसारखे फोन करून सोडवून द्यावं.

नेहमीसारखं. कारण ते तिचं कामच होतं.

ऑफिसात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. ऑफिस कसलं, टायरच्या दुकानावरचा लांबोडका हॉल. जिन्यापासूनच रबराचा वास नाकात शिरायचा आणि संध्याकाळी घरी गेलं तरी ओढणीतून निघायचा नाही. तिथे चार टेबलं, चार हेडफोन, आणि भिंतीवर एक पडदा, ज्यावर दिवसभर अडकलेली पेमेंट येऊन पडायची. हल्ली लोक सगळंच महिन्याच्या बोलीवर घेतात. घरबसल्या व्यायाम, बुद्धिबळाचे धडे, मुलांच्या गोष्टी, मासिकं. एकदा कार्डाचा नंबर दिला की दर महिन्याला पैसे आपोआप वळते होतात. होतात तोवर ठीक. एखाद्या महिन्यात बँक म्हणते, नाही देत. यंत्र पुन्हा विचारतं. बँक पुन्हा नाही म्हणते. यंत्र बिचारं निगरगट्ट, ते तिसऱ्यांदाही विचारतं. तिसऱ्यांदा तोंडघशी पडलं की मग प्रकरण माणसाकडे येतं. म्हणजे हिच्याकडे.

आणि ही मेलेलं कार्ड जिवंत करायची.

“तुमच्या कार्डाला काहीतरी झालंय हं,” असं ती सुरू करायची. ‘पैसे’ हा शब्द पहिल्या वाक्यात नाही. ‘तुम्ही’ तर नाहीच नाही. दोष कार्डाचा, माणसाचा नव्हे. घरात पाहुणे आल्यावर आपल्याच पोराचं नाक वाहत असावं, तसं माणसाला होतं अशा फोनने, हे ती जाणून होती. म्हणून ती रुमाल पुढे करायची, नाक कोणाचं हे बघायची नाही.

तिला पलीकडचे आवाज ऐकू यायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “मी मीटिंगमध्ये आहे.” मागून बादलीत पाणी पडल्याचा आवाज, आणि कोणीतरी विचारत होतं, आज तरी गेला होता का कामाचं बघायला. हिने क्षणात ओळखलं. म्हणाली, “मीटिंग संपू द्या सावकाश. आमच्या इथून दोन महिने थांबवून ठेवायची सोय आहे, तुमच्या मुलीच्या गोष्टी तोवर चालू राहतील.” अशी काही सोय नव्हती. ती मॅनेजरशी भांडून तिने नंतर करून घेतली.

मॅनेजर म्हणायचा, “बाई, तुम्ही कंपनी बुडवाल.”

“बुडाली तर फोन करीन,” ती म्हणायची. “कंपनीला काहीतरी झालंय म्हणून.”

हा आवाज तिला दादाच्याच दुकानात गवसला होता. दादा म्हणजे नावाजलेला कटिंग मास्तर. लोक कपडे टाकून जायचे आणि विसरायचे. तयार कपड्यांनी कपाट फुगलं की दादा तिला फोनपाशी बसवायचा. “शर्ट वाट बघतोय तुमची,” असं ती म्हणायची आणि लोक हसत हसत यायचे. पुढे दुकान चालेना. तयार कपड्यांपुढे शिवलेले कपडे कोण विचारतो? ती या ऑफिसात लागली. मधल्या काळात तिचं लग्न झालं आणि मोडलं. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, “तीनदा प्रयत्न केला, समोरून नकार आला.” आणि विषय बंद. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायची. रात्रीचं जेवण मात्र बहुतेक वेळा दादाकडे.

क्लासची कल्पना तिचीच. दुकान गेल्यावर दादा दिवसभर खिडकीत उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे खांदे बघायचा. “तो बघ, डावीकडे ओढतोय. तो बघ, काखेत तंग. कोणी शिवलं हे, खाटकाने?” वहिनी वैतागली. म्हणाली, “यांना काहीतरी काम लाव गं, नाहीतर हे रस्त्यात जाऊन लोकांचे शर्ट उसवतील.” मग हिने टोप्यांच्या स्टँडला कॅमेरा बांधला, मॅनेजरच्या मागे लागून दादाचा क्लास आपल्या ऑफिसच्या कामात घालून घेतला, आणि बघता बघता कुठून कुठून माणसं शिकायला आली. नर्स, बसचा कंडक्टर, दोन बहिणी, एक निवृत्त न्हावी. दादा पुन्हा मास्तर झाला. सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, टेप गळ्यात घालून टेबलापाशी उभा राहायचा.

आता दादाच्या शिकवण्याविषयी. दुकानात त्याच्या हाताखालच्या पोराला वर्षभर कापडाला कात्री लावायची मुभा नसे. आधी कागद. कागदावर आधी बाही. बाही जमली की पुढे. “बाही चुकली की खांदा चुकतो, खांदा चुकला की माणूस चुकतो,” हे त्याचं ब्रह्मवाक्य. क्लासमध्येही तेच. मुलं कागदी बाह्या कापून पाठवायची, तो एकेक बाही कॅमेऱ्यापुढे धरून तासभर बोलायचा. मायेने बोलायचा. कोणाची आई आजारी, कोणाची बदली, सगळं त्याला पाठ. पण बाही काही पास व्हायची नाही.

आणि एखादा क्लास सोडून गेला, क्लासच्या पानावरचं ‘बंद करा’ दाबलं, की दादाला त्याचं नाव कळायचं. मग दादा स्वतः फोन लावायचा. “माझं काय चुकलं, तेवढं सांग.” रागाने नाही हो. काकुळतीने. तासभर. एका पोरीला तर त्याने तिच्या मापाचा शर्ट कागदावर आखून टपालाने पाठवला. ती पोरगी रडली आणि परत आली.

हे बहिणीला माहीत होतं. कौतुकच वाटायचं.

ऑफिसात तिने एक नियम घालून दिला होता, आणि तो ती प्रत्येक नव्या माणसाच्या कानात ओतायची. बँक नकार देते तेव्हा नकाराचं कारणही कळवते. मुदत संपली, शिल्लक नाही, कार्ड हरवलं. ते सगळे आपले रोगी. पण कधी कारण येतं : ग्राहकाने स्वतः थांबवलं. तिथे फोन करायचा नाही. “बंद पडलेल्याला हात द्यायचा. बंद केलेल्याला नमस्कार करायचा आणि वाटेतून बाजूला व्हायचं. गेलेल्या माणसाला नाडी बघायला परत बोलवत नाहीत.”

पण दादाच्या क्लासमधलं नाव पडद्यावर आलं की तिचं बोट कारणापर्यंत जायचंच नाही. घरचं माणूस तापलं की थर्मामीटर कोण शोधतं? आपण सरळ कपाळावर हात ठेवतो. तशी ती सरळ फोन लावायची. “नमस्कार, मास्तरांच्या क्लासमधून बोलतेय. तुमच्या कार्डाला काहीतरी झालंय हं.” आणि पलीकडे एक हलका उसासा, मग नवीन कार्डाचा नंबर. दर वेळी. एकही नकार नाही. तिला वाटायचं, बघा, किती जीव आहे माझ्या भावावर लोकांचा.

काल दुपारी तिने नर्सबाईंना फोन केला. तिसऱ्यांदा.

“नमस्कार, मास्तरांच्या क्लासमधून...”

“अगं बाई,” नर्सबाई म्हणाल्या. मागे ट्रॉलीची चाकं करकरत होती. “तुम्ही पुन्हा?”

“तुमच्या कार्डाला...”

“काही झालेलं नाही हो माझ्या कार्डाला. ठणठणीत आहे. ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही मास्तरांच्या कोण?”

“बहीण.”

“वाटलंच. आवाजात माया तीच.” ट्रॉली थांबली. “ताई, मी बँकेत जाऊन थांबवून आलेय. तिसऱ्यांदा. तिथले साहेब विचारत होते, बाई, तुम्हाला कोणी फसवतंय का? मी म्हटलं, फसवत नाही हो कोणी, फार प्रेमाने वागतात!”

बहिणीने हेडफोन कानाशी आणखी दाबून धरला.

“पानावरचं बटण दाबलं की मास्तरांचा फोन येतो ना. तो कसा सोसायचा? देवमाणूस. म्हणून आम्ही सगळे असंच करतो, बँकेतून. म्हणजे कार्ड बिघडल्यासारखं दिसतं, कोणाचं मन दुखत नाही. आम्हा आम्हांत ठरलंय तसं. पण मग तुमचा फोन येतो. तुम्ही इतकं गोड बोलता की नाही म्हणवतच नाही. मी पुन्हा नंबर देते आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घेते.”

“पण... सोडायचं का होतं तुम्हाला?”

“मला माझ्या मुलीला एक फ्रॉक शिवायचा होता, ताई. वाढदिवसाला. वाढदिवस येऊन गेला, पोरगी वाढली, माप बदललं. मी अजून बाहीवर आहे.” नर्सबाई हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, “नवीन नंबर देऊ का? तुम्ही मागितलात तर देईन मी. खरंच देईन.”

“नको,” ही म्हणाली. “फ्रॉक शिवा कुठेतरी शिकून. मुलीला छान दिसेल.”

फोन ठेवल्यावर तिने दादाच्या क्लासमधलं एकेक नाव उघडलं आणि जे कधी बघितलं नव्हतं ते बघितलं. ग्राहकाने स्वतः थांबवलं. ग्राहकाने स्वतः थांबवलं. कंडक्टर, दोन्ही बहिणी, न्हावी, टपालाने शर्ट आलेली ती पोरगी. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता. मॅनेजरने विचारलं, “काय हो डॉक्टरीणबाई, रोगी दगावला?” तिने हेडफोन काढून ठेवला आणि बरं वाटत नाही सांगून घरी गेली.

आणि आज दादा समोर उभा होता, चष्मेवाल्यांना होकार द्यायला निघालेला.

“हे बघ,” दादा आता समजुतीने घेत होता. “तुला थकवा आला असेल. मान्य. आज दहा कर, उद्या दहा. मी चष्मेवाल्यांना सांगतो, माणसं आहेत, नुसती कार्डं बिघडलीत.”

“अहो,” वहिनी इस्त्री उभी करून दारात आली, “मघापासून मला एक कळत नाही. चाळीस कार्डं एकाच महिन्यात मेली? साथ आली होती का कार्डांत?”

“तुला त्यातलं काय कळतंय?”

“मला नाही कळत. म्हणून हिच्या तोंडाकडे बघतेय.” वहिनीने नणंदेकडे मान वळवली. “बोल गं बाई. तुझं तोंड कालपासून उतरलंय. कालची चपाती अर्धी टाकून उठलीस.”

तिने पर्स खाली ठेवली.

“दादा, कार्डं बिघडलेली नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांनी थांबवलंय. स्वतः. बँकेत जाऊन.”

दादा हसला. “चाळिसांनी?”

“बहुतेकांनी.”

“काहीतरीच. सोडायचं असतं तर बटण आहे की. दाबलं असतं.”

“बटण दाबलं की तू फोन करतोस.”

“मग? विचारायला नको? आपलं काही चुकलं असेल तर...”

“तेच त्यांना सांगायचं नव्हतं, दादा. तुला.”

दादाने टेबलावरचा खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. “नावं सांग.”

“नाही सांगणार.”

“माझी मुलं आहेत ती!”

“म्हणूनच नाही सांगणार. तू आत्ताच्या आत्ता फोन लावशील.”

“मग लावीन! एकाने तरी तोंडावर म्हणायचं, मास्तर, पुरे. मी काय वाघ आहे?”

“वाघ असतास तर म्हणाले असते,” वहिनी म्हणाली.

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. दादा दोरीवरच्या बाह्यांकडे बघत होता.

“काय म्हणणं काय त्यांचं?”

“त्यांना काहीतरी शिवायचं होतं. पोरीला फ्रॉक, नवऱ्याला शर्ट. खांद्यात जरा ओढला तरी चाललं असतं.”

“ओढलेला कसा चालेल? बाही चुकली की...”

“माहितेय मला. मी ते लहानपणापासून ऐकतेय. तुझं चूक नाही रे. पण त्यांना मास्तर व्हायचं नव्हतं. घरात अंगावर घालण्याइतपत हवं होतं.”

“मग या आधी परत का आले? दर वेळी तर तू फोन केलास की येत होते.”

ती हे वाक्य कधी येतंय याचीच वाट बघत होती.

“मी आणत होते ओढून. माझ्या आवाजाला नाही म्हणता येत नाही म्हणून. मी बघितलंच नव्हतं कारण काय आलंय ते. ऑफिसात सगळ्यांना बजावते, आधी कारण बघा. तुझ्या बाबतीत नाही बघितलं.”

“म्हणजे मी जे शिकवत होतो...”

“दादा...”

“थांब. कॅमेरे बंद असायचे त्यांचे. मी म्हणायचो, नेट नसेल बिचाऱ्यांकडे. त्या कंडक्टरला तर म्हणालो, गाडीत बसून ऐक, हात चालवायची गरज नाही, कानावर पडलं पाहिजे.” त्याने खडू टेबलावर ठेवला. तो गडगडत कडेला गेला आणि खाली पडला. कोणीच उचलला नाही. “रिकाम्या भिंतीशी बोलत होतो मी. आणि तू तिकिटं काढून माणसं आणून बसवत होतीस.”

“हो.”

“हो म्हणतेस?”

“नाही कशी म्हणू? केलंय मी.”

वहिनी पुढे झाली. “अहो, तिने काही वाईट चिंतून...”

“मी कुठे म्हणतोय वाईट चिंतून? सगळे चांगलंच चिंततायत माझं. पोरं चांगलं चिंततायत, ही चांगलं चिंततेय. खरं तेवढं कोणी सांगत नाहीये.”

दादाचा फोन वाजला. तो बघत राहिला, मग उचलला. “हां... हो चष्मेवाले, निघतोच. नाही, नाही, चहा नका टाकू. आलोच.”

वहिनीने विचारलं, “काय सांगणार त्यांना?”

“खोली नको म्हणून सांगतो.”

वहिनीचा जीव भांड्यात पडला, ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तिने लगेच पदर सावरायला घेतला. “मग फोनवरच सांगायचं होतं की. उगाच कशाला जाताय गुडघे दुखवत?”

“त्यांनी खोली झाडून ठेवलीय. जुनं सामान हलवलंय माझ्यासाठी. फोनवर काय सांगू? त्यांच्यापुढे उभा राहून सांगतो.”

तो दाराकडे गेला. बहीण उठून उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, मी येते बरोबर. ते म्हणवेना. मग जे खरोखर विचारायचं होतं, तेच बाहेर आलं.

“दादा, सगळे नाही गेले. थोडे आहेत अजून. खरे आहेत, त्यांनी थांबवलेलं नाही, एकेकाचं बघितलंय मी. सकाळी कागद घेऊन बसतील ते. क्लास घेणार आहेस ना?”

दादाने कोपऱ्यात वाकून चपला शोधल्या, एकेक करून पायात घातल्या. कडी काढली.

“कापड देशील का रे त्यांच्या हातात?”

दार उघडंच राहिलं. जिन्यावर त्याची पावलं खाली जात राहिली.